खळ्यावर कोण होतं

मला डबडं म्हणा, भंगार म्हणा, माझी हरकत नाही. पण मुका म्हणू नका. मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. माझ्या झाकणाला तडा गेलाय, कडी तुटली म्हणून तिथे सुतळी बांधलीय, आणि पाऊसकाळात माझा आवाज जरा बसतो. तरी बटण दाबलं की मी बोलतो. मला गप्प बसवायचा एकदा प्रयत्न झाला होता. त्याचीच ही हकिगत.

माझा जन्म जपानातल्या एका कारखान्यात झाला. तिथून मी कुवेतच्या दुकानात गेलो. तिथे नोकरीला असलेल्या एका रत्नागिरीकराने मला उचललं, घोंगडीत गुंडाळून बोटीने मुंबईला आणि तिथून एसटीने रत्नागिरीला आणलं. काही वर्षांनी त्याने मला आत्माराम गुरुजींना विकलं, आणि माझं खरं आयुष्य सुरू झालं.

आत्माराम गुरुजी प्राथमिक शाळेत शिक्षक होते आणि शाळा सुटली की कोकण रयत पक्षाचे कार्यकर्ते. हा पक्ष तसा लहानच. खोतांच्या जमिनी पिढ्यान् पिढ्या कसणाऱ्या कुळांनी उभा केलेला. गुरुजींचे वडील रावजी हे त्याचे संस्थापक. पक्षाच्या कचेरीत भिंतीवर एक मोठं रंगवलेलं चित्र होतं. त्यात रावजी भाताच्या राशीवर छाती पुढे काढून, दोन्ही हात पसरून उभे होते. समोर काठ्या घेतलेली खोताची माणसं, आणि मागे तोंडाला पदर लावून बसलेल्या घाबऱ्या बायका. खाली लिहिलं होतं, 'सावरकोंडाचं खळं, १९५२'. पक्षाचा जन्म त्या खळ्यावर झाला असं सगळे मानत.

माझे ते दिवस मानाचे होते. मी जीपमध्ये बसून गुहागरच्या बाजारात गेलो, मंडणगडचे घाट चढलो. माझ्या पोटातली प्रचाराची गाणी कर्ण्यातून वाडीवाडीवर ऐकू जायची. गुरुजींची भाषणं मी टिपायचो आणि ते घरी बसून स्वतःचंच भाषण ऐकत मान हलवायचे. "काय खणखणीत आवाज आहे हो याचा," असं लोक म्हणायचे. आवाज गुरुजींचा असायचा, पण कौतुक माझं व्हायचं. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू?

मग सीडी आल्या. मला कचेरीच्या माळ्यावर जुन्या झेंड्यांच्या गठ्ठ्याशेजारी ठेवण्यात आलं. 'ठेवण्यात आलं' हे मी सभ्यपणे म्हणतो. फेकण्यात आलं. माझ्या बॅटरीच्या खणात मुंग्यांनी घर केलं. खाली सभा होत, टाळ्या वाजत, आणि मी वर अंधारात ऐकत पडलेला असे. मला रडू आलं नाही. मला राग आला.

१९९९ साली एका सकाळी माळ्याची शिडी करकरली आणि अपूर्वाचं डोकं वर आलं.

अपूर्वा ही गुरुजींची एकुलती एक मुलगी. आई लहानपणीच गेलेली, घरात ही दोघंच. ती कॉलेजात तासिकांवर इतिहास शिकवायची. पक्षाला तीन वर्षांनी पन्नास वर्षं पूर्ण व्हायची होती. त्यासाठी स्मरणिका काढायची ठरली, आणि पक्षाचा इतिहास लिहायचं काम गुरुजींनी मुलीवर सोपवलं होतं.

"अगं, नवीन घेऊ एखादा," गुरुजी खालून म्हणाले.

"हाच चालेल. यानेच तुमच्या सभा ऐकल्यात," अपूर्वा म्हणाली आणि मला काखेत मारून उतरली.

मारुती मंदिराजवळ बाबूचं दुरुस्तीचं दुकान होतं. त्याने मला उघडलं, मुंग्या झटकल्या, नवा पट्टा घातला, डोकं, म्हणजे हेड, स्पिरिटने पुसलं. अपूर्वाने चाचणी म्हणून माझ्यासमोर तोंड धरून म्हटलं, "आज वार बुधवार." मी ते जसंच्या तसं परत म्हणून दाखवलं. तिचा चेहरा उजळला. त्या क्षणापासून मी तिचा झालो.

आम्ही दोघं दोन-अडीच वर्षं जिल्हाभर हिंडलो. सुटी असली की मला पिशवीत घालून ती एसटीत बसे. म्हाताऱ्या कार्यकर्त्यांच्या पडवीत मला चटईवर ठेवी आणि एकच प्रश्न आधी विचारी, "खळ्यावर त्या दिवशी काय झालं?"

गुहागरला पोफळीच्या बागेत एक म्हातारे भेटले. त्यांनी डोळे मिटून सांगितलं, "मी रावजींच्या उजव्या हाताला उभा होतो. वरून पाऊस कोसळत होता." हातखंब्याला हायवेवर चहाची टपरी चालवणारे दुसरे एक म्हणाले, "उजव्या हाताला मीच होतो. ऊन असं, की भात हाताला चटके देत होतं." असे पुष्कळ भेटले. प्रत्येक जण खळ्यावर होता आणि प्रत्येक जण रावजींच्या शेजारी होता. परतताना अपूर्वा एसटीच्या खिडकीशी बसून स्वतःशीच हसली. "अर्धा जिल्हा मावला म्हणजे काय खळं असेल रे ते," ती मला म्हणाली. पण हळूहळू तिचं हसू कमी झालं. सगळे तेच सांगत होते, आणि सगळे ते चित्रातलंच सांगत होते.

"सावरकोंडाला कुणी गेलंच नाही का आजवर?" तिने एकदा गुरुजींना विचारलं.

"तिथे आता काय आहे? चार घरं आणि म्हाताऱ्या बाया," गुरुजी म्हणाले.

म्हणून ती तिथेच गेली.

सावरकोंड मंडणगड तालुक्यात डोंगराच्या पोटात आहे. एसटी खाली नदीपाशी सोडते, पुढे चढण. अपूर्वा घामाने भिजून वर पोचली तेव्हा एका अंगणात दोन म्हाताऱ्या कुळीथ पाखडत होत्या. एक हौसा, दुसरी तिची जाऊ काशी. अपूर्वाने आपलं नाव सांगितलं, रावजींची नात आहे म्हणून सांगितलं. हौसाने सूप बाजूला ठेवलं, तिच्या गालावरून हात फिरवला आणि आधी तिला भात आणि सुकटीचं कालवण वाढलं. जेवण झाल्यावर अपूर्वाने मला मध्ये ठेवलं. लाल बटण दाबलं. प्रश्न विचारला.

"आजी, रावजी राशीवर उभे राहिले, तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

हौसा काशीकडे बघायला लागली. काशी हसली.

"रावजी कुठला ऱ्हायला उभा?" हौसा म्हणाली. "तो मुंबैत व्हता. गिरणीतल्या पोरांकडनं सह्या गोळा करत. आमची बाप्ये मानसं पण निम्मी मुंबैलाच. ऱ्हायलेली चार, त्यांना खोताच्या कारकुनानं त्याच दिवशी कचेरीत बोलावून घेतलान. डाव व्हता त्यो. वाडीत आमी बायकाच. मंग कारकून आला मानसं घेऊन, सगळं भात उचलून न्यायला."

"मग?"

"मंग आमी राशीवर जाऊन बसलाव. उभ्या नाय ऱ्हायलो, बसलाव. उभं मानूस ढकलता येतं." हौसाने पदर खोचला, जणू आत्ताच बसायचंय. "माझा ल्योक तान्हा व्हता. मी त्येला पाजाया घेतला. कारकून म्हनाला, ऊठ. मी म्हनाली, पोर पितंय, झालं की उठते. त्या मानसांनी माना फिरवल्या. अंगावर पिणाऱ्या पोराच्या आईला हात लावायचा म्हंजे पाप, ही भीती त्यांना पण व्हती. ती पण आपल्यासारखीच गरीब."

"पण मूल किती वेळ पिणार?" अपूर्वाने विचारलं.

आता काशी पुढे सरकली. "माझं झालं की हिनं घ्यायचं, हिचं झालं की मी. वाडीत तेव्हा चार ओल्या बाळंतिणी व्हत्या. पोर या मांडीवरनं त्या मांडीवर. कारकून इचारायचा, झालं का? आमी म्हनायचो, नाय अजून. पार दिवस मावळेपर्यंत."

"पोराला अपचन झालं त्या दिवशी," हौसा म्हणाली आणि दोघी पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या की मला ते हसू नीट टिपता टिपता घाम फुटला. "आता मुंबैला हाय तो. गिरणीत लागला. त्येला सांगतो आमी, पक्षाचं पयलं काम तू केलंस, दूध पिऊन."

खोताची माणसं दिवस मावळताना रिकाम्या हातांनी उतरली. चार-पाच दिवसांनी रावजी मुंबईहून धावत आले. त्यांनी कोर्टात केस लढवली, जमिनी कुळांच्या नावावर होईपर्यंत चपला झिजवल्या. "रावजी देवमानूस," हौसा म्हणाली. "त्येचं नाव कमी करू नको, बाय. पण त्या दिवशी तो नव्हता. त्या दिवशी आमी व्हताव."

अपूर्वाने कॅसेट काढली, तिच्या मागच्या दोन बारीक खिट्ट्या मोडून टाकल्या. त्या मोडल्या की कॅसेटवर दुसरं काही टिपता येत नाही. मग तिने ती रुमालात गुंडाळली.

मित्रांनो, त्या रात्रीपासून ती लिहीत सुटली. प्रकरण तयार झालं आणि तिने ते वडिलांपुढे ठेवलं. गुरुजींनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं. मी टेबलावरच होतो.

"हे छापता येणार नाही," ते म्हणाले.

"का?"

"पन्नास वर्षं लोक एक गोष्ट सांगतायत. आणि आपण, रावजींच्या घरच्यांनी, सोहळ्याच्या दिवशी ती पाडायची? विरोधी पक्ष नाचतील. आणि म्हाताऱ्या बायांच्या आठवणींवर किती विसंबायचं?"

"बाबा, उजव्या हाताला उभ्या राहिलेल्या वीस जणांवर आपण विसंबलोच ना? त्या बायांनी तर आजोबांना देवमाणूस म्हटलंय. त्या त्यांचं काही काढून घेत नाहीत. आपणच त्यांचं घेऊन बसलोय."

गुरुजी उठून गेले. ते भांडणारे नव्हते. अपूर्वाला वाटलं, विचार करतील.

दोन दिवसांनी दुपारी अपूर्वा कॉलेजात असताना गुरुजी तिच्या खोलीत आले. त्यांनी रुमाल सोडला. कॅसेटच्या मोडलेल्या खिट्ट्यांच्या जागी चिकटपट्टीचे तुकडे लावले, बोटाने दाबून बसवले आणि ती माझ्या पोटात घातली. माझ्यात रेडिओही आहे. तो त्यांनी लावला. काटा कुठल्यातरी स्टेशनवर होता. मग त्यांनी लाल आणि त्याच्या शेजारचं, दोन्ही बटणं एकदम दाबली.

मित्रांनो, टेपरेकॉर्डरचं एक गुपित सांगतो. आम्ही नवं टिपायच्या आधी जुनं पुसतो. आमची रचनाच तशी असते. माझ्याच आत काशीचं हसू, हौसाचं 'झालं की उठते', सगळं पुढे सरकत गेलं आणि साफ होत गेलं. गुरुजी खुर्चीत बसून होते. त्यांनी एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. मला ओरडायचं होतं, पण यंत्राला नाही म्हणता येत नाही. माणसाला येतं.

संध्याकाळी अपूर्वाने काहीतरी पुन्हा ऐकायचं म्हणून कॅसेट लावली. एक भारदस्त आवाज आंब्याच्या मोहोरावरच्या तुडतुड्यांचा बंदोबस्त कसा करावा ते सांगू लागला. तिने कॅसेट पुढे नेली. तुडतुडे. अजून पुढे नेली. तुडतुडेच. मग तिने कॅसेट बाहेर काढून पाहिली आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिली. गुरुजी चहा गाळत होते.

"बाबा, हौसाआजीच्या जागी तुडतुडे आहेत."

"चुकून लागली असेल रेडिओशी."

"चिकटपट्टी चुकून लागत नाही."

गुरुजींनी गाळणं खाली ठेवलं. मागे न वळता ते म्हणाले, "तुला बाप होता, अपू. रोज संध्याकाळी घरी येणारा. मला नव्हता. माझे वडील कायम दौऱ्यावर, नाहीतर तुरुंगात. मला त्यांची फक्त ती गोष्ट होती. शाळेत पोरं विचारायची, तुझा बाप कुठे असतो? मी सांगायचो, तो खळ्यावर उभा राहिला होता. ती काढून घेतलीस तर माझ्याकडे काय उरतं?"

अपूर्वाचे डोळे भरले. तिला वडिलांची माया होती, फार होती. पण ती म्हणाली, "आणि त्या बायांकडे काय उरलंय? तुम्ही त्यांना चित्रात तोंडाला पदर लावून बसवलंत."

दुसऱ्या रविवारी ती मला घेऊन पुन्हा सावरकोंडाला गेली. हौसासमोर बसून तिने मला पिशवीतून काढलं, पण बटण दाबलं नाही. शेवटी एवढंच म्हणाली, "आजी, तुमचं बोलणं पुसलं गेलं."

"कुनी पुसलंन?"

"बाबांनी."

हौसाने काशीला हाक मारली. "काशे, ऐकलंस काय? आपन पुसलाव म्हनं." आणि अपूर्वाकडे वळून म्हणाली, "मी मेली काय? माझं त्वांड हाय ना जाग्यावर? लाव तुझं यंत्र. काशे, शेजारनीला पन बोलाव. खालच्या आळीतल्या बायांना पन बोलाव."

त्या दिवशी अंगण भरलं. खळ्यावर प्रत्यक्ष बसलेल्या तिघीच उरल्या होत्या, पण लेकीसुनांनी ऐकलेलं सांगितलं. एक विसरली की दुसरीने जोडलं, चुकली की तिसरीने टोकलं. "तिचं नाव पन घाल, ती गेली गेल्या साली, पन ती व्हती," असं म्हणत त्यांनी गेलेल्यांची नावं सांगितली. माझ्या पोटात जेवढं मावलं तेवढं मी घेतलं. पहिल्यापेक्षा पुष्कळ जास्त.

उठताना अपूर्वाने विचारलं, "आजी, डिसेंबरात रत्नागिरीला सोहळा आहे. याल?"

"बोलावनं हाय?"

"पक्षाचं नाही. माझं आहे."

"मंग झालं," हौसा म्हणाली.

२००२ च्या डिसेंबरात सोहळा झाला. सभागृहाला झेंडूची तोरणं, व्यासपीठावर ते चित्र, खुर्च्यांवर स्मरणिका. तिच्यात अपूर्वाचं प्रकरण नव्हतं. जुनीच गोष्ट, नव्या शब्दांत. अपूर्वा मागच्या रांगेत बसली होती. एका बाजूला हौसा, दुसऱ्या बाजूला काशी, पुढेमागे सावरकोंडाच्या बाया ठेवणीतली लुगडी नेसून. मी अपूर्वाच्या मांडीवर, लाल बटण दाबलेला.

जुन्या कार्यकर्त्यांना शाल-श्रीफळ झालं. उजव्या हाताला उभे राहिलेले सगळे एकेक करून वर गेले. मग आत्माराम गुरुजी बोलायला उभे राहिले. त्यांना मागची रांग दिसली. मी त्यांचा आवाज वर्षानुवर्षं टिपलेला, म्हणून मला तो किंचित अडखळलेला कळला. पण ते सवयीने पुढे गेले. "आणि त्या खळ्यावर, बंधूंनो, माझे वडील एकटे..."

"गुरुजी, जरा थांबा," हौसा उभी राहून म्हणाली.

सभागृहातल्या माना वळल्या. "तुमचा बापूस त्या दिवशी मुंबैला व्हता," ती म्हणाली. माईक नव्हता, तरी शब्द शेवटच्या भिंतीपर्यंत गेला. "खळ्यावर आमी व्हताव. मी हाय ही हौसा, आनि ही काशी. बाकीच्यांची नावं पन सांगते."

एक कार्यकर्ता लगबगीने जवळ आला. "आजी, बसा. कार्यक्रम चालू आहे. नंतर बोलू."

"त्या दिवशी मला ऊठ म्हनत व्हते," हौसा त्याला म्हणाली. "आज तू बस म्हनतोस. मी तेव्हा पन ऐकलं नाय."

मग अपूर्वा उभी राहिली. मला तिने छातीशी धरलं होतं. "त्यांना बोलू द्या," ती म्हणाली. "मी या पक्षाचा इतिहास लिहायला घेतला होता. हाच तो इतिहास आहे." मागून काशी उठली, मग तिसरी, मग सगळ्याच बाया उठल्या. हौसाने उभ्या उभ्या सगळं सांगितलं. मुलाला या मांडीवरून त्या मांडीवर दिल्याचं आलं तेव्हा पुढच्या रांगेतल्या बायकांमधून आधी हसू फुटलं आणि मग टाळ्या. शेवटी पुरुषांच्या बाजूनेही कुणीतरी एकट्याने टाळी वाजवली.

गुरुजी व्यासपीठावरून उतरले आणि बाजूच्या दाराने निघून गेले.

पुढचे महिने वाईट होते, मित्रांनो. कचेरीची दारं अपूर्वाला बंद झाली. तिने माफी मागावी असा ठराव झाला. ती म्हणाली, "कशाची?" घरात बापलेक समोरासमोर जेवायचे, पण बोलणं भात हवा का, आमटी हवी का, एवढंच. तिने आपलं प्रकरण लहान पुस्तक करून स्वतः छापलं. मुखपृष्ठावर सावरकोंडाच्या बायांची नावं होती, गेलेल्यांचीसुद्धा. एक प्रत तिने गुरुजींच्या टेबलावर ठेवली. ती कितीतरी दिवस तिथेच पडून होती. मग एके दिवशी ती तिथे नव्हती.

त्यानंतर एका सकाळी गुरुजी तिच्या दारात आले. "तो टेपरेकॉर्डर चालू आहे का?" त्यांनी विचारलं. "आज नेतो. संध्याकाळी आणतो."

अपूर्वा त्यांच्याकडे पाहत राहिली. मी म्हटलं, देऊ नकोस. मला या माणसाचा हात माहीत होता. पण तिने मला पिशवीत घातलं, सोबत कोरी कॅसेट दिली आणि म्हणाली, "दोन्ही बटणं एकदम दाबायची."

"माहीत आहे मला," गुरुजी खालमानेने म्हणाले.

ते मला घेऊन सावरकोंडाला गेले. साठी उलटलेला माणूस, वाटेत तीनदा दगडावर टेकला. हौसाने त्यांना पाहिलं, पाट मांडला, पाणी दिलं. गुरुजींनी मला मध्ये ठेवलं. बटणं त्यांनी बरोबर दाबली.

"आजी," ते म्हणाले. हौसा त्यांच्याहून जेमतेम दहा वर्षांनी मोठी, पण ते आजीच म्हणाले. "माझे वडील इथे आले तेव्हा काय करायचे, ते सांगता का? खळ्यावरचं नको. एरवीचं."

हौसा विचारात पडली. "एरवीचं म्हंजे... आला की आधी भात मागायचा. लय जेवायचा. भजन बरं म्हनायचा, पन चाल चुकायची. आमची पोरं खांद्यावर घेऊन हिंडायचा. मी एकदा म्हनली, रावजी, पोरांची माया हाय तुमाला. तर म्हनला, माझा आत्माराम घरी हाय, एवढाच. मी जातो तेव्हा तो निजलेला असतो. मोठेपनी मला ओळखंल की नाय कुनास ठावं." हौसाने पाण्याचा तांब्या त्यांच्याकडे सरकवला. "आमच्या पोरांना खांद्यावर घ्यायचा नि डोळे पुसायचा. आमी बघायचो."

गुरुजींनी खिशातला रुमाल काढला. काशीने उठून चुलीवर चहा ठेवला. त्यांना घाई केली नाही कुणी. माझी टेप फिरत राहिली. त्यात पाखरांचा आवाज होता आणि एका म्हाताऱ्या माणसाच्या नाक ओढण्याचा. ते मी पूर्ण टिपलं.

परत आल्यावर त्यांनी कॅसेट अपूर्वाच्या हातात दिली. "खिट्ट्या मी मोडल्यात," ते म्हणाले. त्या रात्री बापलेकांनी ती एकत्र ऐकली.

२००४ च्या निवडणुकीत कचेरीत पुन्हा गर्दी झाली. मलाही नेलं होतं, जुनी गाणी वाजवायला. एक तरुण उमेदवार शहरातून आलेल्या बातमीदाराला भिंतीवरचं चित्र दाखवत होता. "हे आमचे संस्थापक. एकट्याने खळं वाचवलं." गुरुजी कोपऱ्यात पत्रकांचे गठ्ठे बांधत होते. ते हातातला दोरा न सोडता म्हणाले, "एकट्याने नव्हे. ते तिथे नव्हतेच. मुंबईत होते."

उमेदवार ओशाळला. "गुरुजी, निवडणूक आहे..."

"म्हणूनच," गुरुजी म्हणाले. "खळ्यावर हौसा बसली होती. नीट लिहून घ्या. 'उभी' नाही, 'बसली' होती."

निवडणूक पक्ष हरला. ते चित्र अजून भिंतीवर आहे. बदलायला पुष्कळ जण तयार नाहीत. पण माफीचा ठराव केव्हाच मागे पडला, आणि अपूर्वा दर वार्षिक सभेत तोच विषय काढते. काढणारच. तिला आता कुणी बस म्हणत नाही.

मित्रांनो, मी आता थकलोय. माझ्यासाठी कॅसेट मिळत नाहीत, बाबूने दुकान बंद केलं. मला जपा असं मी म्हणणार नाही. माझ्यासारखी यंत्रं येतात आणि जातात. पण तुमच्या वाडीत, तुमच्या आळीत एखादी म्हातारी असेल, जिच्या गोष्टीत दुसराच कुणी उभा केला गेलाय. तिला भेटायला जा. तिने वाढलेलं जेवा, आणि तिला विचारा. कुणी सांगितलं की हे पुसून टाक, तर तुम्ही यंत्र नाही आहात, एवढं लक्षात ठेवा. तुम्हाला नाही म्हणता येतं.